ओहोटीच्या वाटेनं जुहू

१८८७ सालचा मे महिना. सांताक्रूझच्या बाजूनं खाडीत उतरा. जुहू अजून बेटच आहे. ओहोटीला चिखल तुडवत जायचं आणि भरतीच्या आत परतायचं. कालवांच्या धारेनं तळपाय कापतात, जपून. पलीकडे उत्तरेला भंडारी, आगरी, कुणबी. दक्षिणेच्या टोकाला कोळ्यांची वस्ती.

माडांतून सेंट जोसेफच्या देवळाकडे वळा. ते १८५३ मध्ये बांधलेलं. रविवारची मिस चालू आहे. तुमच्या शेजारची बाई लाल चौकड्याचं लुगडं नेसलेली. ओठांवर लॅटिन प्रार्थना, आणि पोर कुरकुरलं की मराठीत दटावणी. आडनाव परेरा किंवा डिमेलो असेल. १५३४ नंतर साष्टी बेटावर राज्य केलेल्या पोर्तुगिजांनी बाप्तिस्म्याबरोबर दिलेलं. तिच्या घरी लग्न निघालं की वाजतगाजत विहिरीवर जाऊन उंबराचं पाणी आणतात. तिला यात काहीच विसंगत वाटत नाही, आणि मलाही वाटत नाही.

गोऱ्या साहेबाच्या लेखी मात्र ती फक्त 'नेटिव्ह'. तिचा मुलगा मुंबईत कारकुनीसाठी अर्ज घेऊन जातो, तिथं गोवेकर आणि मंगळूरकर आधीच उभे. आडनावं तीच, धर्म तोच. साहेबाला फरक कळत नाही. म्हणून इथले ख्रिस्ती 'ईस्ट इंडियन' हे वेगळं नाव घेतात आणि याच महिन्यात, २६ मे रोजी, बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन स्थापन होते. राणी व्हिक्टोरियाच्या राज्याला पन्नास वर्षं होत आहेत. आम्ही ब्रिटिशांची जुनी रयत, पोर्तुगालची नव्हे, हे सरकारच्या कानावर घालायचं. पोटाची निकड खरी होती, त्यांना दोष देववत नाही. तरीही जीव तुटतो, कारण ज्या गोवेकरांपासून वेगळं व्हायचं, त्यांनी शंभर वर्षांपूर्वी हाच मार खाल्ला होता. कौतु आणि गोन्साल्विस हे दोन गोवेकर पाद्री लिस्बनपर्यंत गेले आणि रिकाम्या हातानं परतले. बिशपची खुर्ची गोऱ्यांसाठीच राखलेली होती. त्यातून गोव्यात पोर्तुगिजांविरुद्ध शिजलेला १७८७ चा पिंटोंचा कट फुटला. पंधरा जणांना देहदंड झाला.

आता एकदम १९५० च्या डिसेंबरात या. जुहूच्या त्याच देवळात पाद्री मिसमध्ये आर्चबिशपचं नाव हळू आवाजात घेतात. १९२८ च्या करारानं मुंबईचं हे पद आळीपाळीनं पोर्तुगीज आणि ब्रिटिश माणसाला मिळायचं. थॉमस रॉबर्ट्स या इंग्रज जेझुइटानं तो पायंडा मोडला: १९४६ पासून ते मुद्दाम मुंबईबाहेर राहिले, कारभार व्हॅलेरियन ग्रेशियस यांच्यावर सोपवला आणि शेवटी याच महिन्यात पद सोडलं. त्या जागी ग्रेशियस आले. गोऱ्या माणसानं आपणहून उठून जागा करून द्यावी, याला मी फार मानतो. ग्रेशियस कराचीत जन्मलेले, गोवेकर आईबापांचे. १९५३ मध्ये ते पहिले भारतीय कार्डिनल झाले.

मिस सुटली. देवळाबाहेर लोक बातमीनं सुखावलेत, आपला माणूस बसला म्हणतात. त्या लुगडेवालीची नात आता स्वतः सासू व्हायच्या वयाची. मुलाला मुलगी बघतेय. कुणीतरी वेसाव्याचं स्थळ सुचवतं. मुलगी शिकलेली, देवभोळी, इथल्यासारखीच कम्युनियन घेणारी. बाई सगळं ऐकून घेते आणि पहिलाच प्रश्न टाकते, कोळ्यांची की कुणब्यांची? नंतर अनोळखी चेहरा बघून तुमच्याकडे वळते.

"तुमी कोनांतलं?"