चार पट्ट्यांचे यंत्र

सर्वेक्षण खात्याशी संबंध आलेल्या वाचकांना पॅन्टोग्राफ परिचित असेल. नकाशा लहान वा मोठा करून उतरविण्याचे हे साधन. त्याच्या ग्रीक नावाचा अर्थ 'सर्व काही रेखाटणारा' असा होतो. नाव भारदस्त असले, तरी त्याची घडण गावच्या सुताराच्याही आवाक्यातली आहे. त्याच्या जन्माची कथा मात्र तितकी सरळ नाही.

१६०३ साली दक्षिण जर्मनीतील डिलिंगेन येथे ख्रिस्तोफ शायनर हा तरुण जेझुइट राहत होता. कोणत्याही चित्राची हुबेहूब प्रत काढून देणारे उपकरण आपल्यापाशी आहे, अशी बढाई एका चित्रकाराने त्याच्यापुढे मारली. परंतु ते दाखविण्यास साफ नकार दिला. शायनर हिरमुसला नाही. असे यंत्र असेलच, तर ते भूमितीच्या कोणत्या नियमाने चालत असेल, याचा त्याने छडा लावला व ते स्वतः सिद्ध केले.

त्यातील युक्ती अशी. दोन लांब व दोन आखूड लाकडी पट्ट्या खिळ्यांनी सैलसर जोडून समांतरभुज चौकोन करावयाचा. एक टोक फळ्यावर पक्के रोवावयाचे. मूळ चित्रावर फिरणारी सळई आणि कोऱ्या कागदावरची पेन्सिल अशा ठिकाणी बसवावयाची, की रोवलेले टोक, सळई व पेन्सिल ही तिन्ही एका सरळ रेषेत येतील. पट्ट्या कशाही हलल्या, तरी ही रेषा मोडत नाही आणि अंतरांचे प्रमाणही बदलत नाही. पेन्सिल तिप्पट अंतरावर असेल, तर चित्र तिप्पट लांबीरुंदीचे, म्हणजे नऊपट क्षेत्रफळाचे उमटते. सळई व पेन्सिल यांची अदलाबदल केली, की तेच यंत्र चित्र लहान करते. सारी कसोटी सांध्यांची: छिद्र किंचित ढिले झाले, तरी रेषा थरथरते.

शायनरने आपला ग्रंथ रोम येथे प्रसिद्ध केला तो १६३१ साली, म्हणजे अठ्ठावीस वर्षांनी. चित्रकाराची हकीकत आपल्याला कळते ती शायनरच्याच लेखणीतून, हेही विसरता कामा नये. सूर्यावरील डागांच्या शोधाच्या मानासाठी गॅलिलिओशी कडाक्याने भांडलेला हा गृहस्थ श्रेयाविषयी उदासीन नव्हता. चित्रकाराचा बचावही करता येईल: ज्या हातोटीवर पोट चालते, ती बाजारात कोण मांडील? तरीही दोघांत भेद उरतोच. एकाने गुपित जपले. दुसऱ्याने, उशिरा का होईना, कृती आकृत्यांसह जगापुढे ठेवली.

पुढे त्या कृतीला अनेक फाटे फुटले. १८०३ साली हॉकिन्स याने दोन लेखण्या एकत्र हलविणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. अमेरिकेचे अध्यक्ष जेफर्सन आपल्या पत्रांच्या प्रती त्यावरच काढीत. १८८५ साली बेंटन याने याच तत्त्वावर छपाईच्या खिळ्यांचे ठसे कोरणारे यंत्र घडविले. नाणी व पदके यांचे साचेही मोठ्या नमुन्यावरून असेच लहान करून कोरले जात.

त्या चित्रकाराचे उपकरण कसे होते, हे आज कोणी सांगू शकत नाही. शायनरची कृती मात्र कोणाही शाळकरी मुलास चार पट्ट्या घेऊन करून पाहता येते. आपल्या कचेऱ्यांतही कामाची मख्खी मुठीत ठेवणारे व ती नव्या माणसास समजावून देणारे, असे दोन्ही प्रकारचे लोक भेटतात. बदलीचा हुकूम दोघांनाही येतो. मागे काम सुरळीत चालू राहते ते दुसऱ्याचेच.