हार्डवेअर लॉक

संगणकाच्या आज्ञावलीची अनधिकृत प्रत वापरली जाऊ नये, यासाठी आज्ञावलीबरोबर दिले जाणारे व संगणकाला बाहेरून जोडावे लागणारे छोटे इलेक्ट्रॉनिक उपकरण. यालाच डोंगल असेही म्हणतात. तबकडीवरील आज्ञावलीची प्रत कोणालाही अल्पावधीत काढता येते. या उपकरणाची प्रत तितक्या सहजतेने काढता येत नाही. ते जोडलेले नसल्यास आज्ञावली सुरू होत नाही अथवा मर्यादित प्रमाणातच चालते. त्यामुळे प्रती कितीही निघाल्या, तरी जितकी कुलपे विकली गेली, तितक्याच संगणकांवर ती एका वेळी वापरता येते. रणगाड्याच्या लढाईचा खेळ व मराठी अक्षरजुळणीची आज्ञावली या अगदी भिन्न वस्तूंचे संरक्षण याच तत्त्वावर करण्यात आले. दोहोंचा एकत्र विचार केला असता कुलपाची उपयुक्तता व त्यामागील धोका ही दोन्ही स्पष्ट होतात.

रचना व कार्य : कुलूप साधारणतः आगपेटीएवढे किंवा त्याहून लहान असते. व्यक्तिगत संगणकांच्या आरंभीच्या काळात ते मुद्रक जोडण्याच्या पंचवीस टाचण्यांच्या जागी बसवीत व मुद्रकाची तार त्याच्या पाठीमागे लावीत. मुद्रकाकडे जाणारी माहिती त्यातून पुढे जाई. पुढे यूएसबी जोडणी रूढ झाल्यावर कुलपाला पेन ड्राइव्हसारखे रूप आले. साध्या कुलपाकडून आज्ञावलीला एक ठराविक उत्तर मिळे. सुधारित प्रकारांत आज्ञावली कुलपाकडे एक संख्या पाठविते आणि कुलपातील मंडल गुप्त किल्लीच्या साहाय्याने तिच्यावर गणिती प्रक्रिया करून उत्तर परत करते. उत्तर अपेक्षेप्रमाणे आल्यासच काम पुढे चालते. संख्या दर वेळी बदलता येत असल्याने पूर्वी टिपून ठेवलेले उत्तर उपयोगी पडत नाही.

या पद्धतीत एक मूलभूत दुर्बलता आहे. कुलूप तपासणारा भाग आज्ञावलीतच असतो. जाणकाराने तो शोधून वगळला, तर कुलूप शाबूत राहूनही निरुपयोगी ठरते. त्यावर उपाय म्हणून आज्ञावलीचा काही भाग सांकेतिक रूपात ठेवून तो कुलपातील किल्लीनेच उलगडावा, अशी योजना करण्यात आली.

इतिहास : कमोडोर पेट या संगणकासाठी १९८० साली आलेल्या वर्डक्राफ्ट या शब्दसंस्करणाच्या आज्ञावलीबरोबर दिलेले उपकरण हे या प्रकारचे पहिले कुलूप मानले जाते. ते संगणकाच्या ध्वनिफीत-यंत्राच्या जोडणीत बसे. अमेरिकेतील रेनबो टेक्नॉलॉजीज व इझ्राएलमधील अलादीन या कंपन्यांनी पुढे अशा कुलपांचा मोठा व्यापार उभारला. डॉन गॉल नावाच्या संशोधकावरून ‘डोंगल’ हे नाव पडले, अशी कथा रेनबोच्या १९९२ मधील एका जाहिरातीने पसरविली; तथापि हा शब्द १९८१ पासूनच वापरात होता व ती व्युत्पत्ती काल्पनिक होती.

महागड्या अभियांत्रिकी व व्यापारी आज्ञावलींना कुलपाचा खर्च सहज पेलत असे. खेळांची किंमत कमी आणि प्रती अधिक, त्यामुळे तेथे त्याचा प्रसार मर्यादित राहिला. कमोडोर ६४ वरील लीडर बोर्ड (१९८६) हा गोल्फचा खेळ व अमिगा संगणकावरील रोबोकॉप ३ ही त्याची उदाहरणे होत. यांपैकी दुसऱ्याचे संरक्षण फार काळ टिकले नाही.

रणगाड्याचा खेळ : रणगाडा चालविण्याचा व त्यातून नेम साधण्याचा प्रत्यक्ष सराव अतिशय खर्चाचा असतो. इंधन, दारूगोळा, सुट्या भागांची झीज व विस्तीर्ण मैदान या सर्वांची त्याला गरज लागते. म्हणून सैन्ये सिम्युलेटरांकडे वळली. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने १९८०–९० च्या दशकात सिमनेट या प्रकल्पात अशी अनेक यंत्रे परस्परांना जोडून रणगाड्यांच्या तुकड्यांचा एकत्रित सराव घडवून आणला. पुढे सामान्य संगणकाची शक्ती वाढली, तसे त्यातील काही काम घरच्या टेबलावर करणे शक्य झाले. ई-सिम गेम्स या कंपनीचा स्टील बीस्ट्स हा खेळ २००० साली आला. रणगाड्याची लक्ष्यवेध-यंत्रणा, तोफचालक व नायक यांची कामे यांचे त्यातील चित्रण इतके काटेकोर होते, की अनेक देशांच्या सैन्यांनी त्याची व्यावसायिक आवृत्ती प्रशिक्षणासाठी स्वीकारली. २००६ साली या आवृत्तीचे रूप खाजगी ग्राहकांना उपलब्ध झाले, तेव्हा त्यासोबत जर्मनीतील वीबू-सिस्टिम्स या कंपनीची कोडमीटर ही यूएसबी कुलपे देण्यात आली.

येथे कुलूप सयुक्तिक होते. ग्राहक थोडे, निर्मिती दीर्घ श्रमाची व किंमत नेहमीच्या खेळांहून बरीच अधिक, अशा स्थितीत प्रत्येक अनधिकृत प्रत निर्मात्याला जाणवणारी होती. ग्राहकाचीही एक सोय झाली. परवाना संगणकाला न चिकटता कुलपाला चिकटल्याने संगणक बदलला तरी खेळ चालू शकत होता. मात्र कुलूप हरवणे म्हणजे परवानाच हरवणे, हा धोका त्याच्या वाट्याला आला. खेळाच्या बाबतीत हानी तेवढ्यावर थांबे.

मराठी अक्षरजुळणी : संगणकावर मराठी आली, तीच मुळी एका उपकरणाच्या रूपाने. कानपूरच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेतील भारतीय लिप्यांविषयीच्या संशोधनातून जिस्ट हे तंत्र विकसित झाले. त्यात मोहन तांबे यांचा महत्त्वाचा वाटा होता. पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या प्रगत संगणन विकास केंद्राने म्हणजे सी-डॅकने ते पुढे नेले. संगणकात बसवावयाच्या जिस्ट कार्डावरच देवनागरीच्या जुळणीची व्यवस्था असल्यामुळे नुसत्या फ्लॉपीची प्रत काढून मराठी मिळत नसे. पुढे विंडोज प्रणालीवर हे काम आज्ञावलीकडे आले. सी-डॅकची आयएसएम, पुण्याच्याच मॉड्युलर या कंपनीची श्री-लिपी इ. आज्ञावली हार्डवेअर लॉकसह विकल्या जाऊ लागल्या.

याच सुमारास तालुक्याच्या गावांतील छापखान्यांचे स्वरूप पालटले. मूर्तिजापूरसारख्या वऱ्हाडातील गावी लग्नपत्रिका, पावतीपुस्तके व हस्तपत्रके ही छपाईची नित्याची कामे होत. खिळे जुळविण्याऐवजी आता अक्षरे पडद्यावर जुळवून त्यांची प्रत बटर पेपरवर काढावयाची व तीवरून ऑफसेटची प्लेट करावयाची, ही रीत रूढ झाली. दुकानात संगणक दोन असले, तरी एका कुलपावर एका वेळी एकाच ठिकाणी जुळणी होई. खिळ्यांची पेटी कोणाच्याही खिळ्यांनी भरता येत असे; कुलपाच्या बाबतीत मात्र ते विकणाऱ्यावरच अवलंबून राहावे लागे.

खरी अडचण कुलपाहून खोल होती. भारतीय लिप्यांसाठी इस्की ही सामाईक संकेतप्रणाली १९९१ साली भारतीय मानक (आयएस १३१९४) म्हणून मान्य झाली होती. तथापि प्रकाशनाच्या आज्ञावलींत प्रत्येक कंपनीच्या अक्षरसंचाचे संकेत निराळे असत. एका संचातील मजकूर दुसऱ्यात उघडला, की निरर्थक चिन्हे दिसत. मजकूर दुरुस्त करावयाचा तर तीच आज्ञावली लागे आणि आज्ञावलीला तिचे कुलूप लागे. ज्याने पुस्तक लिहिले वा जुळविले, त्याने कोणाचीही चोरी केलेली नसे. तरीही कुलूप बिघडल्यावर अथवा नव्या संगणकावर मुद्रकाची जुनी जोडणीच नाहीशी झाल्यावर स्वतःच्याच मजकुरापर्यंत पोहोचणे त्याला दुष्कर होई. खेळाच्या कुलपामागे निर्मात्याची वस्तू होती. येथे ग्राहकाची वस्तूही त्याच कुलपामागे गेली.

कायदा : भारताच्या १९५७ च्या स्वामित्व हक्क अधिनियमात १९८४ च्या दुरुस्तीने संगणक आज्ञावलीला संरक्षण मिळाले. १९९४ च्या दुरुस्तीने अनधिकृत प्रतीचा जाणूनबुजून केलेला वापर हा स्वतंत्र अपराध ठरला. हक्कभंगाच्या हेतूने तांत्रिक संरक्षण मोडणे हे २०१२ च्या दुरुस्तीतील कलम ६५-अ नुसार दंडनीय झाले. आज्ञावलीच्या कायदेशीर धारकाला हानीपासून बचावासाठी राखीव प्रत काढण्याची मुभा कायद्यात आहे. परंतु कुलूपबंद आज्ञावलीची राखीव प्रत कुलपाशिवाय चालत नसल्याने त्या मुभेचा व्यवहारात फारसा लाभ होत नाही.

उत्तरकाल : युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत देवनागरीचा समावेश १९९१ सालीच झाला होता, विंडोज २००० पासून तिचा आधार संगणकाच्या मूळ प्रणालीतच मिळू लागला. त्यानंतर साध्या मराठी लेखनासाठी कुलपाची गरज उरली नाही. खेळांच्या क्षेत्रात महाजालावरून परवाना तपासण्याची पद्धत रूढ झाली. जुन्या संकेतांतील मराठी मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर करण्याचे काम त्यानंतर अनेकांना करावे लागले. त्यासाठी रूपांतरक आज्ञावली तयार झाल्या. मात्र जोडाक्षरे व रफार यांच्या बाबतीत चुका राहत असल्याने रूपांतरित मजकूर पुन्हा तपासावा लागतो. ज्या मजकुराच्या फाइली उरल्या नाहीत, त्यांचा आधार म्हणजे छापलेला कागदच होय.