नागरी संरक्षण, नगरपालिकांचे (ब्रिटन, १९३५–४८)

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या गावांवर बॉम्ब पडू लागले तेव्हा ढिगारे उपसणे, जखमींना हलवणे, बेघरांना छप्पर देणे आणि मृतांची ओळख पटवणे ही कामे मुख्यतः स्थानिक नगरपालिकांनी केली. १९४१ च्या उन्हाळ्यापर्यंत आगीही त्यांनीच विझवल्या. या व्यवस्थेला ‘एअर रेड प्रिकॉशन्स’, थोडक्यात एआरपी, असे नाव होते. घरपट्टी वसूल करणारी, कचरा उचलणारी आणि वाचनालय चालवणारी कचेरीच रात्री युद्धाला तोंड देत होती.

सरकारने नगरपालिकांना पहिले परिपत्रक पाठवले १९३५ मध्ये. पैसे कोणी द्यायचे यावरून दोन वर्षे हुज्जत चालली. अखेर १९३७ चा एआरपी कायदा १ जानेवारी १९३८ पासून लागू झाला. योजना आखण्याची सक्ती स्थानिक संस्थांवर आली आणि खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलला. १९३८ च्या दुसऱ्या कायद्याने अग्निशामक दल ठेवणेही त्यांना बंधनकारक झाले. तोवर ते ऐच्छिक होते, हे आज वाचताना जरा अजबच वाटते. १९३८ मध्येच स्त्रियांची स्वयंसेवी संघटना उभी राहिली. तिच्या प्रमुख लेडी रीडिंग या हिंदुस्थानच्या दिवंगत माजी व्हाइसरॉयच्या पत्नी. चहाच्या किटल्या आणि जुने कपडे गोळा करण्यापासून या बायकांनी पुष्कळ भार उचलला.

गावोगावी एआरपीचा नियंत्रक बहुधा टाउन क्लार्क असे, म्हणजे आपल्याकडच्या मुख्याधिकाऱ्याच्या तोडीचा अधिकारी. त्याचा नियंत्रण कक्ष तळघरात असायचा. भिंतीवर गावाचा मोठा नकाशा, टाचण्या, टेलिफोन, आणि टेबलाभोवती अभियंता, आरोग्य अधिकारी, अग्निशामक दलाचा माणूस. सगळी यंत्रणा हलायची ती वॉर्डनच्या निरोपावर. बॉम्ब पडला की वॉर्डन एक ठरावीक फॉर्म भरून पाठवी: जागा कोणती, बॉम्ब कसला, जखमी किती, ढिगाऱ्याखाली कोणी अडकले आहे काय, आग आहे काय, पाणी-गॅस-विजेची वाहिनी फुटली काय, रस्ता कुठे बंद झाला. बहुतेक वॉर्डन बिनपगारी होते. पूर्ण वेळ काम करणाऱ्या पुरुषाला आठवड्याला ३ पौंड मिळत, बाईला २. दिवसा दुकानात किंवा कारखान्यात असणारा हा माणूस गल्लीत राहणारा असे. कुठल्या घरात आजारी म्हातारी आहे आणि कोणते कुटुंब जिन्याखाली झोपते, हे त्याला ठाऊक असे. खोदायचे नेमके कुठे, हे पुष्कळदा या माहितीवरच ठरे. या व्यवस्थेचे खरे बळ हेच म्हणायला हवे.

हे बळ किती आणि कुठे अपुरे, ते स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकला कळले. वस्ती सुमारे ५०,०००. क्लाइड नदीकाठी जॉन ब्राऊनची जहाजगोदी, ‘क्वीन मेरी’ बांधणारी. शेजारी शिलाई यंत्रांच्या सिंगर कंपनीचा अवाढव्य कारखाना, युद्धकाळात शस्त्रांकडे वळलेला. १३ मार्च १९४१ च्या रात्री नऊच्या सुमारास भोंगे वाजले आणि हल्ला पहाटेपर्यंत चालला. सिंगरचे लाकडाचे आवार पेटले, तेलाच्या टाक्या पेटल्या, मुख्य जलवाहिन्या फुटल्या. नियंत्रण कक्ष नगर वाचनालयाच्या तळघरात होता. टेलिफोन बंद पडल्यावर कोवळ्या वयाचे निरोपे पडत्या बॉम्बमधून वार्ता घेऊन तिथे पोचत होते. दुसऱ्या रात्री विमाने पुन्हा आली.

गावात साधारण १२,००० घरे होती. काहीही इजा न झालेली सात-आठच उरली. ५२८ माणसे मेली, ६१७ गंभीर जखमी झाली, ३५,००० बेघर झाली. नगरपालिकेने ज्या सभागृहांत बेघरांची सोय धरली होती, ती असल्या संख्येपुढे टिकणारी नव्हतीच. लोकांना बसगाड्यांनी आसपासच्या गावांत हलवावे लागले. दोन-तीन दिवसांत क्लाइडबँक जवळजवळ ओस पडले. शवपेट्या कमी पडल्याने १७ मार्चला डॅलनॉटरच्या दफनभूमीत बेवारस मृतदेह चादरीत गुंडाळून सामूहिक कबरीत पुरले. स्कॉटलंडचे मंत्री टॉम जॉन्स्टन तिथे हजर होते. इकडे सरकारने जाहीर केले, की सबंध क्लाइड परिसरात सुमारे ५०० माणसे दगावली. एका क्लाइडबँकमध्येच त्याहून जास्त गेलेली. गावकरी खवळले, यात नवल नाही.

एका गावाला पेलवत नाही तेव्हा शेजारची गावे बंब पाठवत. घोळ इथेच होई. सुमारे १,६०० स्थानिक अग्निशामक दले, प्रत्येकाची हुद्द्यांची नावे आणि कवायत वेगळी, आणि पुष्कळांच्या होजचे जोडही आपापल्या पद्धतीचे. त्याच मार्च-एप्रिलमध्ये प्लिमथ जळत असताना बाहेरून आलेल्या बंबांच्या होजचे जोड तिथल्या हायड्रंटला बसेनात. माणसे आली, यंत्रे आली, पाणीही जवळ होते. अडले ते जोडावर. कित्येक वर्षे गावोगावच्या खरेदी समित्यांनी आपापल्या पसंतीने माल घेतला होता, त्याची ही किंमत. गृहमंत्री हर्बर्ट मॉरिसन यांनी मग फार वाट पाहिली नाही. ऑगस्ट १९४१ मध्ये सगळी दले एकत्र करून राष्ट्रीय अग्निशामक सेवा उभारली गेली. वॉर्डन, ढिगारा उपसणारी पथके आणि बेघरांची केंद्रे मात्र नगरपालिकांकडेच राहिली. आग विझवायला एकसारखे सामान लागते, आणि ढिगाऱ्याखालची म्हातारी शोधायला गल्ली माहीत असावी लागते. विभागणी जवळपास त्याच रेषेवर झाली.

युद्धानंतर अग्निशमन परत देण्याचे वचन होते. १९४८ मध्ये ते पाळलेही गेले, पण इंग्लंड-वेल्समध्ये दले गेली काउंट्यांकडे आणि काउंटीचा दर्जा असलेल्या मोठ्या शहरांकडे. स्कॉटलंडमध्ये अनेक कौन्सिलांची मिळून संयुक्त मंडळे झाली. लहान गावांच्या नगरपालिकांना आपला बंब पुन्हा मिळाला नाही.

मुंबईतही त्या युद्धात एआरपी, काळोखी आणि भोंगे आले. शत्रूचा बॉम्ब पडला नाही, पण १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया गोदीत दारूगोळा भरलेल्या ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला आणि अग्निशामक दलाची ६६ माणसे गेली. देशभर हा दिवस अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात. ब्रिटनने युद्धोत्तर नागरी संरक्षण दल १९६८ मध्ये मोडीत काढले आणि त्याच वर्षी भारतात नागरी संरक्षण कायदा झाला. मात्र त्याखाली क्षेत्राचा नियंत्रक जिल्हाधिकाऱ्यापेक्षा खालच्या दर्जाचा असू शकत नाही. क्लाइडबँकच्या टाउन क्लार्कने बजावलेली भूमिका या कायद्यात नगरपालिकेच्या मुख्याधिकाऱ्याला दिलेली नाही.