चौघांची मैफल

मी बी.ए. झालेला, कवितेतला माणूस. मुलुंडहून अंधेरीला जाताना पवईत आयआयटीचं फाटक लागतं. तिथं रसायनशास्त्र शिकलेले सत्यजित मेयर पुढे बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात एक प्रश्न घेऊन बसले. पेशीला डोळे नाहीत, कान नाहीत. मग बाहेरची खबर तिला लागते कशी?

पेशीच्या आवरणावर ग्राही प्रथिनं असतात. खबर टिपण्याचं काम त्यांचं. तेलकट तळ्यात तरंगावीत तशी ती आवरणात तरंगतात, असं चित्र १९७२ साली सिंगर आणि निकोलसन यांनी मांडलं. १९९८मध्ये मेयर आणि रजत वर्मा यांनी फॉलिक ॲसिड टिपणाऱ्या प्रथिनांना चमकता रेणू जोडला. असा रेणू आपली ऊर्जा अगदी खेटून असलेल्या शेजाऱ्यालाच देतो. त्यावरून कळलं, ही प्रथिनं घोळक्यानंही राहतात. २००४मध्ये हिशेब लागला : एका घोळक्यात फार तर चार, आणि घोळक्यांत मिळून शंभरातली वीस ते चाळीसच. २०१९मध्ये दिसलं, की पेशी एखाद्या पृष्ठभागाला चिकटली की तिच्या आतले धागे हे घोळके जुळवतात. ते जुळले नाहीत तर पेशीला नीट हातपाय पसरता येत नाहीत.

जमाव म्हटलं की मला १९९२-९३ची मुंबई आठवते आणि छाती धडधडते. पेशीचा जमाव मात्र चौघांचा. बाकीचे आपापले मोकळे. मुशायऱ्यातही चार जाणते जवळ बसलेले असले, की शेर पोचतो.