श्रमलेल्या हृदयाचे चित्र

आमच्या बालाघाटातील एका वयस्क शिक्षकांना शाळेचा जिना चढताना छातीवर दाब येई. खाली बसले की तो विरे. निजवून काढलेला हृदयालेख मात्र निर्दोष! श्रमात उद्भवणारा विकार श्रमातच धरावा लागतो.

या परीक्षेचे मूळ जुने आहे. १९२५ च्या सुमारास बोस्टनमध्ये डॉ. हर्मन ब्लुमगार्ट यांनी रोग्याच्या एका हातात किरणोत्सारी द्रव्य टोचून ते दुसऱ्या हातात किती वेळाने पोहोचते, हे मोजले. भारतात १९५६ मध्ये ट्रॉम्बेची ‘अप्सरा’ अणुभट्टी चालू झाली आणि १९६३ मध्ये परळला रेडिएशन मेडिसिन सेंटर निघाले. १९७३ मध्ये अमेरिकेत झारेट व स्ट्रॉस यांनी पोटॅशियम-४३ देऊन श्रमलेल्या हृदयाची चित्रे घेतली. मागून थॅलियम आले, नंतर टेक्नेशियम. याचा किरणोत्सार सहा तासांत निम्मा होतो.

रोग्याला सरकत्या पट्ट्यावर चालवतात व ऐन श्रमात द्रव्य शिरेत सोडतात. रक्त कमी पोहोचते तेथे चित्र फिके उमटते. विश्रांतीच्या चित्रात तो भाग भरून आला, तर स्नायू जिवंत पण उपाशी. फिकाच राहिला, तर बहुधा जुना व्रण. मात्र ही सारी तुलना आहे. तिन्ही रोहिण्या सारख्याच अरुंद झाल्या असतील, तर चित्र फसवू शकते. म्हणून अनुभवी डॉक्टर केवळ चित्रावर विसंबत नाहीत.

आमचे शिक्षक नागपूरला जाऊन आले. त्यांचा डाग विश्रांतीत भरून आला होता.