बोलांतून सूर, बोलांतून ताल

महोत्सवाच्या मिस्सेसाठीं गायकवृंदाचा सराव चालला असतां एका लहान गायकानें आम्हांस विचारलें, "फादर, 'आलेलुया'च्या शेवटच्या 'या'वर एवढे सूर कसे लक्षांत राहावेत? तेथें शब्दच नाहींत!" मूल सहज बोलून गेलें, परंतु नेमकी हीच तक्रार अकराशें वर्षांपूर्वीं एका मठांत एका तरुणानें केली होती. तिचा वृत्तांत आमच्या वाचकांस रुचेल असा आहे.

आजच्या स्वित्झर्लंडमध्यें संत गॉल यांच्या नांवाचा प्रख्यात बेनेडिक्टाइन मठ होता. नवव्या शतकांत तेथें नोटकर नांवाचे साधु राहत. सुमारें 840 मध्यें त्यांचा जन्म झाला व 912 मध्यें ते प्रभुचरणीं लीन झाले. बोलतांना त्यांची जीभ अडखळे, म्हणून त्यांस 'बाल्बुलुस', म्हणजे तोतरा, हें उपनांव मिळालें. त्या काळीं सुरांची उंची दाखविणाऱ्या रेघा नव्हत्या. शब्दांवर बारीक खुणा काढीत. पण ज्यास चाल आधींच पाठ आहे त्यासच त्या उपयोगी पडत. नोटकर लिहितात कीं, तरुणपणीं त्या लांबलचक चाली वारंवार घोकूनहि मनांतून निसटून जात, आणि त्या कशा बांधून ठेवाव्या याचा ते विचार करीत.

अशांत फ्रान्समधील ज्युमिएजचा मठ नॉर्मन लोकांनीं उद्ध्वस्त केला, आणि तेथील एक धर्मगुरु आपलें गायनपुस्तक घेऊन संत गॉलला आला. त्यांत अशा कांहीं चालींखालीं शब्द बसविलेले होते. तें पाहून नोटकर हर्षले. पण शब्द इतके सदोष कीं त्यांची चव त्यांस कडू लागली. त्यांनीं स्वतः रचना करून गुरु इझो यांस दाखविली. गुरूंनीं उद्योगाचें कौतुक केलें, अननुभवाची कींव केली, आणि एक नियम सांगितला: सुराच्या प्रत्येक हालचालीस एकच अक्षर असावें. (असे गुरु आम्हांसहि सेमिनरींत लाभले, कौतुक मात्र थोडें कमी होई.) 'या'वरील अक्षरें नोटकर यांनीं तत्काळ सुधारलीं, 'ले' आणि 'लु' यांवरचें काम प्रथम अशक्य वाटलें, मग सरावानें सोपें झालें. दुसरे गुरु, आयर्लंडचे मार्सेलुस, यांनीं आनंदानें त्या रचना गुंडाळ्यांवर उतरवून मुलांस गावयास वाटून दिल्या. हा सर्व मजकूर नोटकर यांच्या स्तोत्रग्रंथाच्या प्रस्तावनेंत आहे. तो ग्रंथ त्यांनीं सुमारें 884 मध्यें वेर्चेल्लीचे महागुरु लिउटवार्ड यांस अर्पण केला.

या रचनांत ओळी बहुधा जोडीनें येतात. जोडींतील दोन्हीं ओळींचीं अक्षरें सारखीं, म्हणून गायकांच्या दोन फळ्या त्या आळीपाळीनें गाऊं शकतात. चाल कोठें थांबते, श्वास कोठें घ्यावयाचा, हें अक्षरेंच सांगतात.

आपल्याकडे तबलजी हेंच करितात. तबला शिकणारा बोल आधीं मुखानें म्हणतो. त्यास पढंत म्हणतात. तीनतालाच्या 16 मात्रांचे 4 विभाग. तिसऱ्या विभागांत 'धिं'च्या जागीं 'तिं' येतें, डग्ग्याचा घुमार लोपतो, आणि मात्रा न मोजतांहि खाली कळते. भेद इतकाच कीं, तबल्याच्या बोलांस आघाताखेरीज अर्थ नाहीं. नोटकर यांच्या अक्षरांस अर्थ होता, आणि स्मरणासाठीं योजिलेलें साधन प्रार्थना होऊन बसलें. आम्हांस यांतच त्यांचें मोठेपण दिसतें.

पुढें अशा रचना हजारोंनीं वाढल्या. ट्रेंटच्या धर्मपरिषदेनंतर 1570 च्या मिस्सग्रंथांत चारच उरल्या, आणि त्यांत नोटकर यांची एकहि नाहीं. छाटणी आवश्यक होती हें मान्य. तरी ज्यांनीं हा वृक्ष वाढविला त्यांचें एक पानहि राहूं नये, याची आम्हांस खंत वाटते. 1512 मध्यें धन्य म्हणून त्यांच्या भक्तीस मान्यता मिळाली होती, एवढेंच समाधान. पुनरुत्थानाच्या व पवित्र आत्म्याच्या सणांस शुभवर्तमानापूर्वीं जें विशेष गीत आजहि होतें, तें मात्र याच कुळांतलें.

असो. त्या मुलास आम्हीं ही कथा सांगितली, व 'या'खालीं मराठी शब्द बसवून आणावयास सांगितलें. तिसऱ्या दिवशीं तो वही घेऊन आला. सूर 18, अक्षरें 17. आम्हीं त्यास इझोंचा नियम पुन्हां ऐकविला व वही परत दिली.