पेपर तपासणारा आणि शिकवणारा

दिवाळीच्या सुमारास आमच्या कळमन्याच्या बाजारात आंबिया बहराच्या संत्र्यांचे ढीग लागतात. प्रतवारी करणारा फळ हाती घेतो न घेतो तोच त्याची जागा ठरवतो. झाडाला पाणी कुणी घातले, याच्याशी त्याला कर्तव्य नसते.

नागपूरचे उच्च शिक्षण पहिली चाळीस वर्षे असेच चालले. हिस्लॉप कॉलेज 1883 चे, मॉरिस 1885 चे. विद्यापीठ मात्र 1923 चे. तोवर शिकवणे नागपुरात आणि पदवीची परीक्षा आधी कलकत्ता, मग अलाहाबाद विद्यापीठाची. वर्गातल्या शिक्षकाची विद्यार्थ्याकडून काय अपेक्षा होती, याला निकालात जागा नव्हती. (मी स्वतः बहिःस्थ विद्यार्थी म्हणून बी.ए. झालो. गुण मिळाले, उत्तर कुठे चुकले हे आजवर कुणी सांगितलेले नाही.)

त्याच 1923 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना लंडन विद्यापीठाची डी.एस्सी. मिळाली. ती सहजासहजी मिळाली नाही. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंध परीक्षकांनी पुन्हा लिहायला लावला. त्यांनी मांडणी बदलली, निष्कर्ष बदलले नाहीत. प्रबंध ग्रंथरूपाने आला तेव्हा प्रस्तावना लिहिली ती त्यांचे प्राध्यापक एडविन कॅनन यांनी, आणि तीत आपले मतभेदही मोकळेपणी नोंदवले. शिष्याचे म्हणणे पटत नाही, तरी ते वाचण्याजोगे आहे असे जाहीरपणे सांगणारा शिक्षक! कठोरपणा इथेही आहे, पण तो विद्यार्थ्याला पुन्हा टेबलाशी बसवणारा आहे.

हे ध्यानात ठेवून त्यांचे 1927 चे मुंबई कायदेमंडळातले भाषण वाचावे. चर्चा मुंबई विद्यापीठाच्या विधेयकाची होती. परीक्षा आणि शिक्षण या निराळ्या गोष्टी आहेत. दर्जा वाढवण्याच्या नावाखाली परीक्षाच अवघड करत नेल्या, तर विद्यापीठाच्या दाराशी आता कुठे पोहोचलेला मागासवर्ग बाहेरच राहील, असे त्यांचे म्हणणे. सवलतीची मागणी म्हणून ते बाजूला सारणे सोपे आहे. पण बोलणारा लंडनच्या परीक्षकांपुढून तावूनसुलाखून आलेला होता, आणि त्याआधी सिडनहॅम कॉलेजात शिकवतही होता. त्याला दोन्ही बाजू ठाऊक होत्या.

पुढे 1946 साली त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले. परीक्षा मुंबई विद्यापीठाचीच. इतरांना जी, तीच इथल्यांना. वर्ग मात्र सकाळी भरत, म्हणजे पोरांना दिवसा नोकरी करता येई.